वाचकांचे प्रश्न : सर्पोद्यानाची सहल

प्रश्न : या सुट्टीत नेहमीची प्रेक्षणीय स्थळे सोडून मुलांना शैक्षणिक सर्पोद्यान दाखवावे, असा विचार आहे. मुलीला उत्सुकता आहे, पण धाकटा मुलगा सापाच्या चित्रालाही घाबरतो. काचेमागे निश्चल पडलेले साप पाहण्यात वेळ का घालवायचा, असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटते. तेथे नेमके काय पाहावे आणि चांगली जागा कशी ओळखावी?

– एक वाचक

उत्तर : अवश्य जा, पण विष काढण्याचे प्रात्यक्षिक कोणत्या दिवशी आणि किती वाजता असते, याची आधी चौकशी करा. साप दिवसाचा बराच वेळ हालचाल न करता पडून असतो, त्यामुळे वडीलधाऱ्यांची शंका अगदीच निराधार नाही. मात्र त्या सापाच्या विषाचे पुढे काय होते हे कळले की हीच सहल वेगळी वाटू लागते.

जगातील नामवंत सर्पोद्यानांपैकी काही मुळात वैद्यकीय गरजेतून उभी राहिली. ब्राझीलमध्ये साओ पावलो येथे 1901 साली सुरू झालेल्या बुटांटान संस्थेचे पहिले संचालक व्हितल ब्राझिल यांनी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. आशियातील नागाच्या विषापासून तयार झालेले औषध त्यांच्या देशातील सापांच्या दंशावर चालत नव्हते, म्हणजेच ज्या सापाचा दंश, त्याच्याच विषापासून केलेले प्रतिविष हवे. बँकॉकमधील थाई रेड क्रॉसचे सर्पोद्यान 1923 पासून प्रतिविष तयार करण्याच्या कामाशी जोडलेले आहे. चेन्नईजवळ वडनेम्मेली येथे इरुळा समाजाची सहकारी संस्था 1978 पासून आहे. पूर्वी कातड्याच्या व्यापारासाठी साप पकडणारे हे कुशल लोक तो व्यापार बंद झाल्यावर उपजीविकेला मुकले होते. आज ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे पकडून आणतात, ठरावीक काळ त्यांचे विष काढतात आणि साप पुन्हा निसर्गात सोडून देतात. माझ्या मते अशा ठिकाणी सापाइतकेच त्याला हाताळणाऱ्या माणसाकडेही लक्ष द्यावे, कारण त्याच्या हातातील अनुभव कोणत्याही माहितीफलकावर लिहिता येत नाही.

प्रात्यक्षिकात सापाला भांड्याच्या तोंडावर ताणून बसवलेल्या पातळ पडद्याला चावायला लावतात आणि विषदंतांतून विष आत ठिबकते. मुलांना तो पिवळसर द्रव जरूर दाखवा. पुढे हे विष गोठवून सुकवतात आणि अगदी अल्प, वाढत्या मात्रेत घोड्यांना टोचतात. घोड्याच्या रक्तात तयार झालेली, विषाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे वेगळी करून शुद्ध केली की सर्पदंशावरचे इंजेक्शन तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सर्पदंशाने जगात दरवर्षी 81,000 ते 1,38,000 माणसे दगावतात. काचेमागच्या त्या निश्चल सापाचे महत्त्व घरातील मंडळींना सांगताना हा आकडा पुरेसा आहे.

जागा पारखताना एवढे पाहा, की साप गळ्यात घालून छायाचित्र काढून देणे हाच तेथील मुख्य उद्योग आहे काय. तसे असेल तर तेथे जाऊ नका. विषदंत उपटलेले किंवा तोंड शिवलेले साप ठेवणे ही निव्वळ क्रूरता आहे. शिवाय विषदंत पुन्हा उगवतात, त्यामुळे असा साप निर्धोकही नसतो. चांगल्या ठिकाणी सापाला लपायला जागा असते, कात टाकण्याच्या सुमारास डोळे दुधाळ झालेल्या सापाला कोणी डिवचत नाही आणि सापाला दूध पाजण्याचा खेळ होत नाही, कारण दूध हा त्याचा आहार नव्हे. नाग पुंगीच्या सुरावर डोलतो असे सांगणारा मार्गदर्शक भेटला, तर मुलीला स्वतःच निरीक्षण करायला सांगा. सापाला बाहेरचा कान नसतो आणि हवेतला आवाज त्याला फारच मर्यादित जाणवतो. फणा हलतो तो समोर हलणाऱ्या पुंगीचा वेध घेत.

मुलाला बळजबरीने सापाला हात लावायला लावू नका. प्रात्यक्षिकाच्या वेळी त्याला मागच्या रांगेत बसवा आणि जिभेविषयी सांगा : दुभंगलेली जीभ दंश करण्यासाठी नसून हवेतील गंधकण टाळूजवळच्या इंद्रियापर्यंत नेण्यासाठी असते. भीती बऱ्याचदा त्या जिभेचीच असते, असा माझा अनुभव आहे. काचेवर टकटक करू नये आणि छायाचित्र काढताना फ्लॅश वापरू नये. कोणी बिनविषारी सापाला स्पर्श केलाच, तर खाण्यापूर्वी साबणाने हात धुणे आवश्यक आहे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.