पद्मिनीतला जुना रेडिओ काढू का?

प्रश्न : वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आहे. रेडिओ लागतो, पण इंजिन सुरू होताच खरखरतो. मुलगा म्हणतो, डॅशबोर्ड कापून टचस्क्रीन बसवू. काय करावे?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : कृपा करून डॅशबोर्ड कापू नका! एकदा कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही.

खरखर बहुधा रेडिओची नसतेच. स्पार्कप्लगच्या ठिणगीचे विद्युत तरंग मीडियम वेव्हवर ऐकू येतात. गाडीचा वेग वाढवल्यावर टकटक वाढली तर प्लगच्या वायरी रेझिस्टन्सवाल्या घाला. शिट्टीसारखा सूर चढत गेला तर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राकडे कंडेन्सर (विजेतले चढउतार शोषणारा छोटा भाग) लावून पाहा. एरियलचे अर्थिंगही घासून घ्या. आपल्या खाऱ्या हवेत तिथे गंज हमखास धरतो. माझ्या जुन्या गाडीत दोष तेवढाच निघाला.

मुलाचे मनही मोडू नका. चांगला रेडिओ मेकॅनिक आवाजाच्या बटणापाशी मोबाईलची वायर आत घेऊन देतो; मोबाईलवरची गाणी जुन्याच रेडिओतून वाजतात, बाहेरून काही दिसत नाही.

माझ्या नव्या गाडीत ब्लूटूथवर हवे ते लागते आणि काचा बंद असल्याने बारीक आलापही ऐकू येतो. पण फोंड्याहून सावईवेऱ्याकडे, गायिका केसरबाई केरकरांच्या केरी गावाच्या बाजूने जाताना मी जुनीच गाडी काढतो. काच खाली, एकच स्पीकर, पणजी आकाशवाणी. पुढे काय लागेल ते ठाऊक नसते, म्हणून मी जास्त लक्ष देऊन ऐकतो. तुमच्या वडिलांनी फिरवलेले ते बटण तुमच्या मुलाच्या हाती राहू द्या.