गाठीच्या ऑपरेशनआधी करून ठेवायची तयारी

प्रिय मुली,

स्तनातली गाठ काढायची तारीख ठरली, हे तुझ्या पत्रातून कळलं. पत्रभर तुला काळजी एकाच गोष्टीची दिसली: आपल्यामुळे घरच्यांची धावपळ होईल. म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते. सर्जरीच्या वॉर्डात मी पुष्कळ वर्षं काढली. ‘एवढंसं तर ऑपरेशन’ म्हणत दुसऱ्याच दिवशी कामाला जुंपून घेणाऱ्या मुली तिथे नेहमी दिसायच्या. वरून बघितलं तर टाक्यांची रेघ बोटभर असते, पण आत गाठीच्या जागी पोकळी राहिलेली असते. ती भरून यायला वेळ लागतो, आणि सुरुवातीच्या दिवसांत ओढाताण झाली की तिथे रक्त किंवा पाणी साठायची शक्यता वाढते. तेव्हा पहिले काही दिवस दुसऱ्यांकडून करून घेणं हा उपचाराचाच भाग आहे. तसं घरात आजच सांगून टाक. ऑपरेशन झाल्यावर तुझ्याने सांगवणार नाही, मी तुला ओळखते.

सर्जनला भेटायला जाशील तेव्हा प्रश्न कागदावर लिहून ने. पूर्ण भूल देणार की तेवढाच भाग बधिर करणार? टाके विरघळणारे की काढावे लागणारे? अंघोळ कधीपासून? काखेतल्या लसीका ग्रंथींना (लिम्फ नोड, म्हणजे तिथे मुळातच असलेल्या बारीक गाठींना) हात लावणार आहेत का? हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस. काखेतलं काही काढलं, तर हाताची काळजी आणि व्यायाम दोन्ही बदलतात, कधी आत साठणारं पाणी बाहेर काढायला नळीही ठेवतात. तू घेत असलेलं प्रत्येक औषध त्यांना सांग, अ‍ॅस्पिरिन आणि काढे-चूर्णंसुद्धा, कारण काही औषधांनी रक्तस्राव वाढतो. धूम्रपान करत असशील तर तेही मोकळेपणाने सांग आणि आजपासून थांबव; त्याने जखम उशिरा भरते.

आता कपड्यांचं. डोक्यावरून घालायचे कपडे काही दिवस बाजूला ठेव. पुढून बटणं किंवा चेन असलेले, सैल असे दोन-तीन कपडे काढून ठेव. ब्रा मात्र विचार करून घे. तार नसलेली, मऊ सुती, शक्यतो पुढून हुक असलेली, रुंद पट्ट्यांची. सूज येणार, शिवाय आत ड्रेसिंग असणार, म्हणून घेर थोडा मोठा हवा. स्तनाचं वजन खाली ओढलं गेलं की टाक्यांवर ताण येतो, आणि त्या ताणाने दुखणं वाढतं. म्हणून सुरुवातीचे दिवस रात्रीही ब्रा घालायला सांगतात. काखेतली शिवण टोचत नाही ना, हे आधी घालून, हात हलवून बघ. ऑपरेशननंतर बदलायला जाणं जिवावर येतं.

खोलीत एकदा फिरून बघ. रोज लागणारं जे जे उंच फळीवर आहे ते कमरेच्या उंचीवर आण. पाणी, औषधं, फोनचा चार्जर हे सगळं ज्या बाजूला ऑपरेशन नाही त्या बाजूला ठेव, म्हणजे दुखऱ्या हाताने ताणून घ्यावं लागणार नाही. उशा जास्तीच्या हव्यात. पाठ थोडी उंच ठेवून उताणं झोपलं की बरं वाटतं, आणि एक छोटी उशी हाताखाली घेतली की खांदा सैल पडतो. तीच उशी दवाखान्यातून परतताना गाडीत सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्ये धर.

त्या दिवशी छातीला, काखेत पावडर, क्रीम, डिओडरंट काही लावू नकोस. दागिने घरी ठेव. पूर्ण भूल असेल तर साधारणपणे ६ तास आधी खाणं आणि २ तास आधी पाणी बंद करतात. तुला दवाखाना जी वेळ सांगेल तीच पाळ. गाठ हाताला लागत नसेल, तर ऑपरेशनआधी सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीवर बघत तिथे बारीक तार घालून खूण करतात. आधी माहीत असलं की दचकायला होत नाही.

पहिल्या रात्रीबद्दल जरा नीट वाच. ऑपरेशन संपवताना सर्जन बहुतेक वेळा जखमेत बधिर करणारं औषध टोचतात. त्यामुळे संध्याकाळी काहीच दुखत नाही, आणि मुली गोळी घ्यायचं टाळतात. काही तासांनी त्याचा असर उतरतो, ठणका ऐन झोपेच्या वेळी चढतो, आणि एकदा चढलेला ठणका गोळीला लवकर दाद देत नाही. म्हणून सुरुवातीचे एक-दोन दिवस डॉक्टरांनी दिलेल्या वेळेलाच गोळी घे, दुखायची वाट बघू नकोस. वेळ लिहून ठेव. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा ते दोनदा पोटात जात नाही ना, हे बघ. दुखणं दाबायच्या काही जोरकस गोळ्यांनी पोट साफ होत नाही. पाणी भरपूर पी आणि त्यावर औषध आधीच विचारून ठेव. बर्फाने शेकायला डॉक्टर हो म्हणाले तर पिशवी कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटंच ठेव. तिथली त्वचा बधिर असते, भाजल्यासारखी इजा झाली तरी कळत नाही.

भुलेनंतरचे २४ तास कुणीतरी सोबत असू दे. गाडी चालवू नकोस, कशावर सही करू नकोस. घशात नळी घातली असेल तर घसा खवखवेल, भुलेने मळमळेलही. ते जातं.

हात अगदी छातीशी बांधूनही ठेवू नकोस, खांदा आखडतो. केस विंचरणं, तोंड धुणं इतपत हालचाल चालू दे. उचलणं, ढकलणं, वरून काही ओढणं मात्र सर्जन हो म्हणेपर्यंत नको.

निळंजांभळं होणं, सूज, टाक्यांखाली दोरीसारखा कडकपणा, मध्येच वीज चमकल्यासारखी कळ, बधिरपणा हे सगळं होतं. काही आठवड्यांत बरंच ओसरतं. बधिरपणा कधी महिनोन्महिने राहतो. नव्याने हाताला लागलेला कडकपणा म्हणजे गाठ परत आली, असं समजून रात्र जागवू नकोस. पुढच्या तपासणीत दाखव. पण स्तन झपाट्याने फुगून ताठ झाला, ड्रेसिंग रक्ताने भिजत राहिलं, लाली पसरत चालली, पू आला किंवा ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर सकाळपर्यंत थांबू नकोस. धाप लागली, छातीत दुखलं किंवा पोटरी सुजली तर थेट तातडीच्या विभागात जा. म्हणूनच रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा, हे दवाखान्यातून निघायच्या आत लिहून घे.

राहिला रिपोर्ट. काढलेली गाठ तपासायला पाठवतात आणि उत्तर यायला काही दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. तुझ्यासारख्या तरुण वयात अशा बहुतेक गाठी साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या असतात, फायब्रोअ‍ॅडिनोमा त्यात नेहमीचा. तरीही वाट बघणं जड जातं, आणि अंगाच्या दुखण्याहून ते जास्त थकवतं. रिपोर्ट कधी आणि कुणाकडून कळणार ते आधी विचार, म्हणजे रोज फोनकडे बघत बसावं लागणार नाही. त्या भेटीला एकटी जाऊ नकोस. मला बोलवलंस तर मी येईन. तारीख कळली की कळव.

तुझी,
ताई