ऑस्ट्रेलियात रुग्णांना फुकट नेणाऱ्या हौशी वैमानिकांवर एवढे नियम कशाला? आमच्या आत्याला असं विमान मिळतंय, पाठवावं का?

आधीच सांगतो, मी मेलबर्नला असतो, खासगी वैमानिकाचा परवाना आहे, पण नावावर उड्डाणाचे जेमतेम १८० तास. म्हणजे हे नियम मलाही अडवतात.

एंजल फ्लाइट ही इथली संस्था २००३ पासून दूरच्या गावांतल्या रुग्णांना शहरातल्या डॉक्टरांकडे पोहोचवते. वैमानिक आपला वेळ आणि विमान देतात, इंधनाचे पैसे संस्था भरते. पण २०११ मध्ये हॉर्शमजवळ आणि २०१७ मध्ये माउंट गॅम्बियरला विमानं पडली. दोन्ही वेळा तिघं गेले.

माउंट गॅम्बियरला त्या दिवशी धुकं होतं, ढग अगदी खाली. मायलेकी ॲडलेडला उपचारासाठी निघाल्या होत्या. फक्त उपकरणं बघून उडवण्याचं रेटिंग, म्हणजे परवान्यावरची जादा पात्रता, वैमानिकाकडे नव्हतं. उड्डाणाला दीड मिनिटही झालं नसेल, विमान कोसळलं. ढगात क्षितिज हरवलं की कलतं विमान सरळ वाटतं. शिकताना डोळ्यांवर झापड चढवून मी हे अनुभवलंय, शेजारी शिक्षक होते म्हणून निभावलं.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, इथे मदत करणाऱ्याचीही जाते! मित्रांना ‘आज नको, पुढच्या रविवारी जाऊ’ म्हणणं सोपं. डॉक्टरांची वेळ घेतलेला पेशंट समोर उभा असला की जीभ रेटत नाही.

मार्च २०१९ मध्ये इथल्या विमान वाहतूक नियामकाने, म्हणजे कासाने, खासगी परवानेवाल्याला किमान ४०० तासांची अट घातली आणि रात्री नुसत्या नजरेच्या भरवशावर उडणं बंद केलं. संस्था कोर्टात गेली. अपघात तपासणाऱ्यांनी म्हटलं की इतर खासगी उड्डाणांपेक्षा इथे प्राणघातक अपघातांचं प्रमाण सातपटींहून जास्त आहे. दोनच अपघातांवरचा आकडा, मी तो जरा सैलच धरतो. जिथे विमानसेवा आहे तिथे सरळ तिकीट काढून द्या, ही त्यांची सूचना मात्र मला सगळ्यांत पटली.

तासांच्या अटीबद्दल माझं मत अर्धवट आहे. तास भरले म्हणून धुक्यात दिसायला लागत नाही, आणि दिवसाच्या उड्डाणाला त्या नियमांत उपकरणांचं ते रेटिंग सक्तीचं नव्हतं.

आत्यांना पाठवणार असाल तर डॉक्टरांच्या वेळेच्या आदल्या दिवशीच निघू द्या, बसची सोयही बघून ठेवा. आणि ती सोय आहे हे वैमानिकाला आधीच सांगून टाका.