मोरी आणि नरक्या

प्रिय सई,

रविवारी जेवताना तू विचारलंस, "आजी देवाच्या रायीतलं पान तोडू देत नाही आणि मोरीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, मटण मात्र चाटूनपुसून खाते. असं कसं?" मी "ताटात बघ" म्हणाले. रागावले नव्हते गं, उत्तरच सापडेना.

शाळेच्या प्रकल्पात तू खोल समुद्रातली गल्पर शार्क आणि नरक्याचं झाड यांची जोडी लावलीस. दोघांच्या जिवावर उठलंय ते त्यांच्या पोटातलंच. शार्कच्या यकृतातलं स्क्वालीन हे तेल क्रीमला नि काही लशींना लागतं, नरक्याच्या लाकडातल्या कॅम्प्टोथेसिनपासून कॅन्सरची औषधं होतात.

नरक्या मला आधी नाकाने भेटला. आजोळी, आंबोलीच्या पायथ्याशी, पावसात रायीच्या कडेला बारीक फिकट फुलं यायची. वास असा, की हे नाव का पडलं ते विचारायला नको. मी एक फांदी मोडली. तुझी पणजी धावत आली, "देवाचा ता, हात लावू नको गो!" संध्याकाळी नारळ ठेवून माझ्या वतीने गाऱ्हाणं घातलं. रात्रभर मी अंगाला हात लावून बघत होते, ताप आला का.

पुढे आसपासच्या डोंगरातला नरक्या चोरून तोडून ट्रकने गेला. रायीतला राहिला. पण पणजीला त्या लाकडाची किंमत ठाऊक असती तर? मला खात्री नाही.

आणि मोरी. बाजारातली आपली मोरी किनाऱ्याजवळची, तुझी गल्पर नव्हे. आजी तिच्यावर उकळतं पाणी ओतायची आणि ती पॉलिश पेपरसारखी कातडी मी खरवडायचे. गाबीतवाड्यातले मासेमार काका नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी लोटत नसत. सरकारची मासेमारीबंदीही १ जून ते ३१ जुलै. बांगड्याला तेवढी उसंत पुरत असेल. पण गल्परचं पिल्लू सुमारे दोन वर्षं पोटात असतं, तेही एकावेळी एखाददुसरं. तिच्या हिशोबात दोन महिने म्हणजे डुलकी. ती शेकडो मीटर खाली, काकांचं जाळं तिथवर पोचतच नव्हतं. म्हणून तिच्यासाठी कुणी नारळही ठेवला नाही.

मे महिन्यात गावी गेलो की आजीलाच विचार, मी मध्ये पडणार नाही. फक्त जेवण झाल्यावर विचार. मोरी नको असेल तर आदल्या दिवशी सांग. ती जरा रुसेल, मग तुझ्यासाठी कुळथाची पिठी करेल.

आई