राहून गेलेला पेढा

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. आम्ही कळंब तालुक्यात राहतो. मुलासमोर गोड पदार्थ ठेवायचा, ‘मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील’ असे सांगून बाहेर जायचे, आणि जे मूल थांबते तेच पुढे शिकते, असा एक व्हिडिओ मी मोबाइलवर पाहिला. कुंथलगिरीचे पेढे घरात होते, त्यांवर मी हा प्रयोग केला. पहिल्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत बसला, नीट असा बसलाच नाही. तेवढ्यात पाहुणे आले, पेढे मोजकेच होते म्हणून ते त्यांच्यापुढे ठेवले. पुढच्या आठवड्यात नवे पेढे आणून चार वेळा करून पाहिले, तर माझे पाऊल उंबऱ्याबाहेर पडायच्या आत पेढा याच्या तोंडात. सासूबाई म्हणतात, पोरगं हावरं आहे. त्याला पुढे लातूरला शिकायला ठेवायचे आमच्या मनात आहे. मेंदूच्या विकासाचा एक वर्ग निघाला आहे, फी बरीच आहे. घालावे का?

उत्तर : ताई, वर्गाचे नंतर बोलू. पाहुण्यांविषयी तुम्ही एक ओळ लिहिलीत आणि पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडले आहे. पाच वर्षांचे लेकरू तुमच्या शब्दावर भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि तुम्ही त्याचा पेढा उचलून पाहुण्यांच्या बशीत ठेवलात. त्याला दुसरा मिळाला नाहीच, समोरचा होता तोही गेला. नंतर त्याला जवळ घेऊन काही सांगितल्याचे तुमच्या पत्रात नाही. मग पुढच्या वेळी त्याने कशाच्या भरवशावर थांबायचे होते?

तुम्ही पाहिलेला प्रयोग अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केला. त्याच मालिकेत असे दिसले, की खाऊ डोळ्यांआड असला की मुले अधिक वेळ थांबतात, आणि ज्यांना थांबणे जमते ती तोंड फिरवतात, डोळे झाकतात, स्वतःशी गाणी म्हणतात. तुमचा मुलगा कोणी न शिकवता नेमके हेच करत होता. ज्याला तुम्ही ‘नीट बसला नाही’ म्हणता, तोच त्याचा संयम होता, आणि तो तुमच्या डोळ्यांसमोर असूनही तुम्हाला दिसला नाही, याचे मला फार वाईट वाटते.

अमेरिकेतल्याच रोचेस्टर विद्यापीठाचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर जणू तुमच्या घरातलाच आहे. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना आधी चित्र काढायला बसवून ‘थांब, तुला याहून चांगले रंग आणून देते’ असे प्रयोग घेणाऱ्या बाईने सांगितले. निम्म्या मुलांना ते रंग मिळाले. उरलेल्यांकडे ती बाई रिकाम्या हाताने परतली आणि रंग नाहीत म्हणाली. स्टिकरच्या बाबतीतही तसेच झाले. त्यानंतर खाऊ समोर ठेवला, तेव्हा जिने शब्द पाळला होता तिच्यासाठी मुले सरासरी १२ मिनिटे थांबली आणि जिने मोडला तिच्यासाठी सुमारे ३ मिनिटे. पहिल्या गटातल्या १४ पैकी ९ मुलांनी पूर्ण पंधरा मिनिटे काढली, दुसऱ्या गटातल्या एकानेच. ही मुले हावरी नव्हती. समोरचे माणूस कसे आहे, हे त्यांना चांगले कळले होते. तुमच्या मुलालाही कळले आहे, आणि ते बुद्धीचेच लक्षण आहे, हे सासूबाईंनाही सांगा.

जे थांबते तेच शिकते, हे तर मनातून काढूनच टाका. २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांची माहिती पुन्हा तपासली गेली, तेव्हा घरची परिस्थिती, आईचे शिक्षण आणि मुलाची आधीची समज हिशेबात घेतल्यावर खाऊसाठी थांबणे आणि पुढची शाळेतली प्रगती यांचा संबंध फारच थोडा उरला. शिवाय मनाला आवर घालणारा मेंदूचा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. पाचव्या वर्षी त्याचा निकाल लावू नका, आणि त्या वर्गाची फी भरू नका. लातूरला अजून पुष्कळ अवकाश आहे.

तुम्ही एकच काम करायचे आहे, तेही आज. दोन पेढे आणा. संध्याकाळी त्याला जवळ बसवून म्हणा, ‘त्या दिवशी तू थांबला होतास आणि मी तुझा पेढा पाहुण्यांना दिला, चूक माझी झाली, हे तुझे दोन.’ सासूबाई तिथेच असू द्या, त्यांनीही ऐकायला हवे. समोर बशी मांडू नका, थांब म्हणू नका, दोन्ही पेढे सरळ त्याच्या हातावर ठेवा.