वाचकांचे प्रश्न : मधुमेहीच्या ताटातला भात

प्रश्न : सासऱ्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. शेवटी भात नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही, म्हणतात. पथ्याला चालेल असा एखादा साधा भात सांगाल का?

उत्तर : सालीची मूगडाळ आणि मेथी घालून मोकळा भात करा. मात्र तो पोळी-भाजीच्या जोडीला वाढायचा, पोट भरायला नव्हे.

तिघांसाठी 150 मिलिलिटरच्या वाटीने अर्धी वाटी (साधारण 60 ग्रॅम) जुना बासमती, तेवढीच सालीची मूगडाळ, दोन वाट्या चिरलेली मेथी, पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद आणि पाऊण चमचा मीठ घ्या.

डाळ पाऊण तास आणि तांदूळ वीस मिनिटं वेगवेगळे भिजवा. दोन्ही निथळून घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात फोडणी करा, लसूण-मिरची परता आणि मेथी घाला. मेथीला सुटलेलं पाणी आटेपर्यंत, म्हणजे तीनेक मिनिटं, ती झाकण न ठेवता परतायची. मग डाळ-तांदूळ घालून मिनिटभर हलक्या हाताने परता. पावणेदोन वाट्या उकळतं पाणी आणि मीठ घाला. उकळी फुटली की आच अगदी मंद करा आणि झाकण ठेवून बारा ते चौदा मिनिटं शिजू द्या. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका. डाळीचा दाणा बोटांत दाबल्यावर चेपला पाहिजे, पण आकार टिकला पाहिजे.

एवढा आटापिटा कशासाठी? आसट, गुरगुट्या भातातला स्टार्च पार फुललेला असतो, तो लवकर पचतो आणि साखर झपाट्याने चढते. मोकळ्या दाण्याला वेळ लागतो. डाळीतली प्रथिनं आणि सालीतला चोथा तो वेग आणखी कमी करतात. म्हणून इथे कुकर नको. शिट्ट्यांमध्ये डाळीचं पिठलं होतं, त्याची खिचडीच म्हणायची.

या भाताच्या तिसऱ्या हिश्श्यात (दीडेक वाटी) साधारण 27 ग्रॅम कर्बोदकं आणि सहा ग्रॅम प्रथिनं येतात. 100 ग्रॅम साध्या पांढऱ्या भातातही 28 ग्रॅम कर्बोदकं असतात, पण तो जेमतेम वाटीभर होतो. तरीही हिशेब सुटत नाही. हा भात वाढला की एक पोळी कमी करा. आधी कोशिंबीर आणि भाजी खायला द्या, भात शेवटी.

गोळ्या ग्लिमेपिराइडसारख्या असतील किंवा इन्शुलिन चालू असेल, तर भात-पोळी एकदम कमी केल्याने साखर फार खाली जाऊ शकते. बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळीचं प्रमाणही त्यांनाच विचारा.

प्रश्न : मेथीभात केला तर कडू होतो आणि डाळ टचटचीत राहते. काय चुकतं?

उत्तर : कडूपणा बहुतेक वेळा जाड देठांचा किंवा करपलेल्या लसणीचा असतो. पानं आणि फक्त कोवळे देठ घ्या, लसूण गुलाबी झाली की लगेच मेथी टाका. मीठ चोळून मेथी पिळायची गरज नाही. तसं केलंच, तर भातातलं मीठ कमी करा.

डाळ कच्ची राहते ती कमी भिजल्याने किंवा गार पाणी ओतल्याने. गार पाण्याला उकळी यायला वेळ लागतो, तेवढ्यात तांदूळ पाणी पितो आणि डाळीच्या वाट्याला कमी उरतं. शिजताना कालथा घालून ढवळलंत तर शितं मोडतात आणि गचका होतो.

प्रश्न : पेज वेळून काढली की भातातली साखर निघून जाते, हे खरं का?

उत्तर : नाही. पेजेबरोबर थोडा स्टार्च जातो, बाकीचा शितातच राहतो. वेळलेला भात मोकळा होतो हा खरा फायदा. पण म्हणून दोन वाट्या जास्त वाढू नका. पाण्याबरोबर काही ब जीवनसत्त्वंही जातात.

प्रश्न : शिळा भात मधुमेहाला बरा, असं ऐकलं.

उत्तर : गार झाल्यावर स्टार्चचा काही भाग सहज न पचणारा बनतो, एवढं खरं. फरक मोठा नसतो आणि माणसागणिक बदलतो. भात रात्रभर ओट्यावर ठेवणं मात्र धोक्याचं आहे. त्यात वाढणाऱ्या जंतूंचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. ताटात पसरून गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी दणदणीत वाफ आणून संपवा.

प्रश्न : भाताऐवजी वरईचे तांदूळ चालतील?

उत्तर : चालतील, पण मोजून. लोण्यासारखी मऊ भगर, वर बटाट्याची भाजी असा बेत असेल तर पांढऱ्या भातापेक्षा फार काही साधत नाही. तीही मोकळी शिजवा. सासऱ्यांना कोणता भात कितपत मानवतो ते जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पाहा. एकच पदार्थ दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी तपासा, एका आकड्यावर जाऊ नका.