पाणी घाला, मग बोला

प्रश्न : महागड्या सिंगल माल्ट परवडत नाहीत. घरात तीन स्वस्त बाटल्या आहेत. त्यांतली कोणती पैसे वसूल करणारी, हे कसं ओळखायचं? एक चांगली गडद आहे, तीच सर्वांत जुनी असणार ना?

उत्तर : रंगावर जाऊ नका. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्यानेच मुभा आहे, त्यामुळे जेमतेम ३ वर्षं मुरलेली व्हिस्कीही भारदस्त दिसते. स्ट्रेट बर्बन या अमेरिकी व्हिस्कीत असा रंग चालत नाही, पण आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात ती लवकर गडद होते. लेबलवर वय छापलेलं असेल तर ते बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं धरा. वय छापलेलं नाही म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

आता खरी परीक्षा. घरातल्या कुणाला तरी तिन्ही ओतायला सांगा, ग्लासखाली नंबर लिहायला लावा आणि बाटल्या नजरेआड करा. ग्लास तोंडाशी निमुळते असले तर उत्तम. नाक आत खुपसू नका. ओठ किंचित उघडे ठेवून कडेशी हुंगा. मग मापून, जितकी व्हिस्की तितकंच पाणी घाला. ४० टक्के अल्कोहोलची व्हिस्की २० वर येते, आणि वेगवेगळ्या व्हिस्कींचं मिश्रण जमवणारे मुरलेले ब्लेंडरही साधारण याच तीव्रतेला वास घेतात. अल्कोहोलचा झणका गेला की स्वस्त मालाचं बिंग फुटतं : नेलपॉलिश रिमूव्हरचा उग्र दर्प, ओल्या पुठ्ठ्याचा वास, नाहीतर नुसताच गोडवा आणि मागे काही नाही. उलट धान्याचा खमंगपणा, व्हॅनिला, थोडा धूर असं काही पाण्यातही टिकून राहिलं, तर त्या बाटलीत दम आहे. 'उन्हात वाळलेली जर्दाळू' वगैरे लेबलवरचं काव्य मी वाचत नाही. घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते आणि शेवटी कडवट होते का, एवढंच बघतो.

किंमत ताडताना तीव्रताही बघा. ७५० मिलीच्या बाटलीत ४० टक्क्यांनी ३०० मिली अल्कोहोल येतं, ५० टक्क्यांनी ३७५. दुसरी थोडी महाग असली तरी तुम्ही पाणी घालणारच असाल तर तीच परवडते. अमेरिकेत 'बॉटल्ड इन बाँड' हा शिक्का १८९७ च्या कायद्यापासून चालत आलाय : किमान ४ वर्षं मुरलेली, बरोबर ५० टक्के. स्वस्तात भरवशाची खूण हवी असेल तर माझं मत त्याला.

प्रश्न : बर्फ टाकला की माझी व्हिस्की गढूळ होते. भेसळ आहे का?

उत्तर : बहुधा नाही. थंड करून गाळलेली नसेल तर तिच्यातले तेलकट घटक गारठ्याने असे दिसू लागतात. चवीला धोका नाही. चाखताना मात्र बर्फ नको. थंडीत वास मिटतो आणि सुमार व्हिस्कीही पास होते. निवाडा झाला की खुशाल टाका.